खुर्ची फार छान आलीय

सासूबाई : ...आणि म्हणे, 'खुर्ची फार छान आलीय'! बायकोशी असं बोलतात का, जावईबापू?

जावई : आई, मी फक्त एवढंच म्हटलं की लाकडाचं टेक्श्चर...

सासूबाई : चुलीत घाला ते टेक्श्चर. माझी लेक पोरं वाढवण्यात इतकी वर्षं घालवून पुन्हा स्टेजवर उभी राहिली. दोनच प्रवेश मिळाले, पण काय तयारी केली होती तिने! आणि तुम्ही फोटो काय आणलेत? पुढ्यातल्या खुर्चीचे खिळे मोजून घ्या, आणि बायको कुठाय म्हणाल तर ती मागे धुक्यात.

जावई : ती आहे का घरात?

सासूबाई : तालमीला गेलीये. आज शेवटचा प्रयोग आहे. रुसून माझ्याकडे येऊन आठवडा झाला तिला. तुम्हाला आज सवड मिळाली?

जावई : रोज फोन करतोय. ती बघतच नाही.

सासूबाई : बघते की. नाव बघते आणि उलटा ठेवते.

जावई : खरं सांगू का, आई? यात माझी चूक नाहीये. कॅमेऱ्याची आहे.

सासूबाई : नाचता येईना, अंगण वाकडं.

जावई : नाही हो, खरंच. तो ऑटोवर होता. ऑटोवर असला की फोकस कशावर करायचा ते तोच ठरवतो. बहुतेक वेळा जे सगळ्यात जवळ असेल ते पकडतो. खुर्ची पुढे होती, तिला पकडलं.

सासूबाई : आणि तेव्हा तुम्ही काय करत होता?

जावई : मी बटण दाबत होतो.

सासूबाई : म्हणजे फोटो त्याने काढले. तुम्ही नुसते त्याला धरून उभे. ते काम तिपाईसुद्धा करते, आणि वर तोंड करून बोलत नाही.

जावई : तुम्हाला वाटतं तितकं सोपं नसतं ते.

सासूबाई : मग यंत्राबरोबर माहितीचं पुस्तक येतं, ते कुठाय?

जावई : आहे. या जाकिटातच आहे कुठेतरी.

सासूबाई : कुठल्या खिशात?

जावई : शोधतोय.

सासूबाई : शोधा सावकाश. एवढे खिसे शिवून घेतलेत, एखाद्यात थोडी अक्कल सापडली तर तीही काढून ठेवा बाहेर.

जावई : हे घ्या, सापडलं.

सासूबाई : तो कर्रकन आवाज कसला झाला? प्लास्टिक आत्ता फाडलंत?

जावई : मी व्हिडिओ बघितले होते.

सासूबाई : व्हिडिओ बघून कुणाला पोहता आलेलं मी ऐकलं नाही. शाळेत जन्मभर कवायत शिकवलीये मी. जे पोरगं म्हणायचं, 'माहितीये बाई मला', तेच आधी तोंडावर पडायचं. वाचा. मोठ्याने.

जावई : तुम्हीच वाचता का? म्हणजे मी कॅमेरा हातात धरून...

सासूबाई : मी कशाला वाचू? कॅमेरा माझा आहे? वाचा.

जावई : 'फोकस क्षेत्र. स्वयंचलित निवड, समूह निवड, एकबिंदू निवड...'

सासूबाई : मराठीत सांगा.

जावई : मराठीतच आहे हे.

सासूबाई : माणसांच्या मराठीत.

जावई : म्हणजे... एक तर सगळं त्याच्यावर सोडून द्यायचं. नाहीतर आपण एकच छोटा चौकोन घ्यायचा आणि त्याला सांगायचं, बाबा रे, या चौकोनात जे आहे तेवढंच नीट बघ, बाकीचं गेलं उडत.

सासूबाई : आणि तो चौकोन हवा तिथे नेता येतो?

जावई : तेच लिहिलंय. मागे ही चार बाणांची बटणं आहेत. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली... अरेच्चा!

सासूबाई : काय झालं?

जावई : हलला.

सासूबाई : मग इतके दिवस ती बटणं कशाला आहेत असं वाटलं तुम्हाला? शोभेला?

जावई : मला वाटलं, मेनूसाठी आहेत.

सासूबाई : हॉटेलातून बाहेर या आणि पुढचं वाचा.

जावई : चौकोन जागेवर आला की बटण अर्धंच दाबायचं. त्याला नीट दिसलं की चौकोन हिरवा होतो. मग उरलेलं दाबायचं.

सासूबाई : आणि तुम्ही काय करत होता?

जावई : एकदम दाबत होतो.

सासूबाई : सवयच आहे तुम्हाला. लग्नाचं विचारायला आलात तेव्हाही दार उघडल्याबरोबर सगळं बोलून मोकळे. दार शेजारणीचं होतं.

जावई : तो विषय आपण संपवला होता ना, आई?

सासूबाई : तुम्ही संपवला असेल. शेजारीण अजून सांगते.

जावई : बरं, आता तुम्ही जरा खिडकीपाशी बसाल का? सराव करून बघतो.

सासूबाई : आधी माझ्या पुढ्यात खुर्ची ठेवा. स्टेजवर होती तशी. सोप्या पेपरात पास व्हायचं नाही.

जावई : ठेवली. आता पहिला ऑटोवरच काढतो, फरक कळायला... हं. खुर्ची.

सासूबाई : जित्याची खोड.

जावई : आता आपला चौकोन. उजवीकडे... वर... थोडा आणखी वर. आला तुमच्या चेहऱ्यावर. अर्धं दाबलं. हिरवा! आई, हिरवा झाला!

सासूबाई : मुलगा झाल्यासारखे ओरडू नका. काढा फोटो.

जावई : काढला. थांबा, मोठा करून बघतो... अहो, पापण्यासुद्धा दिसतायत! फक्त तुम्ही दुसरीकडेच बघताय. परत एकदा काढू. इकडे बघा, माझ्याकडे.

सासूबाई : तुमच्याकडेच बघतेय.

जावई : नाही, तुम्ही माझ्या कानाकडे बघताय.

सासूबाई : कानाकडेच बघावं लागतं. तेव्हा कुठे तुमचं तोंड दिसतं.

जावई : म्हणजे?

सासूबाई : काही नाही. दाबा बटण.

जावई : आई, म्हणजे काय?

सासूबाई : म्हणजे माझ्या नजरेतलं मधलं गेलंय. जिकडे बघायला जावं तिकडे एक डाग माझ्याआधी जाऊन बसतो. कडेकडेचं दिसतं अजून. म्हणून कुणाचं तोंड बघायचं तर त्याच्या कानाशी बघायचं. जमतं हळूहळू.

जावई : आणि मला इतके दिवस वाटत होतं, तुम्ही माझ्याशी नजर मिळवत नाही, कारण मी तुम्हाला आवडत नाही.

सासूबाई : तेही आहेच.

जावई : डॉक्टर काय म्हणाले?

सासूबाई : आतला पडदा झिजलाय म्हणाले. गेलं ते गेलं, राहिलंय ते सांभाळा.

जावई : हिला माहीत आहे?

सासूबाई : नाही. आणि आज तुमच्या तोंडून तिला कळलं, तर या घराची पायरी विसरा. अहो, कळल्यावर ती काय करेल? तालीम टाकून माझा हात धरून बसेल. आधी पोरांसाठी थांबली, आता माझ्यासाठी. प्रयोग होऊ दे, मी सांगेन.

जावई : म्हणजे पहिल्या प्रयोगाला तुम्ही पुढच्या रांगेत बसला होता, तेव्हा...

सासूबाई : आवाज ओळखला. चालण्याची ढब ओळखली. तोंड म्हणाल, तर डाग. टाळ्या पडल्या तशा वाजवल्या. घरी आल्यावर तिने विचारलं, 'आई, कशी झाले?' म्हटलं, सुंदर. मनात म्हटलं, घाबरायचं कारण नाही, जावई फोटो काढतायत. टीव्हीवर लावू, नाक टेकवून एकेक बघू, आपली पोर उभी कशी राहिली ते. आणि तुम्ही मला खुर्ची दाखवलीत.

जावई : आई...

सासूबाई : आता का वाचा बसली? सांगा की लाकडाबद्दल काहीतरी.

जावई : प्रयोग किती वाजता आहे?

सासूबाई : संध्याकाळचा आहे. भरपूर वेळ आहे. उठा. आता मी या खोलीत चालते, ती चालते तशी. तुमचा चौकोन माझ्या तोंडावरून हलता कामा नये.

जावई : जरा हळू चाला.

सासूबाई : ती चालणार आहे तुमच्यासाठी हळू? ही वळले मी. कुठाय चौकोन?

जावई : कपाटावर.

सासूबाई : कपाटाला भूमिका नाहीये. परत. आता कुठाय?

जावई : तुमच्या खांद्यावर.

सासूबाई : आलात एकदाचे माणसात. परत.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच खोलीत. कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडलेली. सासूबाई पडद्याला जवळजवळ खेटून बसल्या आहेत, मान किंचित एका बाजूला वळवून.)

सासूबाई : हळू बोला. आत झोपलीये ती. रात्री तुमच्याशी बोलली का?

जावई : बोलली. म्हणाली, 'फोटो बघितल्याशिवाय घरी येणार नाही.'

सासूबाई : माझ्यावर गेलीये. लावा.

जावई : सुरुवातीचे काही सोडून देतो.

सासूबाई : का?

जावई : खुर्ची आहे.

सासूबाई : तिचा तुमच्यावर जीवच जडलाय हो.

जावई : अंधारात बटणं सापडेनात. मग सापडली. हा बघा. हा माझा आहे. मी काढलेला.

सासूबाई : बाजूला व्हा. मला कडेने बघायचंय, त्या कडेला नेमके तुम्ही उभे.

जावई : दिसतंय?

सासूबाई : गप्प बसा जरा.

जावई : बसलो.

सासूबाई : कपाळाला आठी घातलीये. लहानपणी गणित चुकलं की अशीच घालायची.

जावई : हा ना, ती कोर्टात साक्ष देते, त्या वेळचा आहे.

सासूबाई : कुठला ते मला सांगू नका. पाठ आहेत मला तिची वाक्यं. पण ओठ बघा हो तिचा. रडू दाबतेय की.

जावई : हो.

सासूबाई : आवाजात नव्हतं ते. दोन्ही प्रयोगांत नव्हतं. आवाज कसा खणखणीत होता.

जावई : तुम्ही डोळ्यांचं आज सांगणार ना तिला?

सासूबाई : उठू दे, चहा घेऊ दे. तुम्हाला शेजारी बसवूनच सांगेन. ओरडायला लागली की अर्धं तुमच्या वाट्याला.

जावई : चालेल. पुढचा लावू?

सासूबाई : नको, राहू दे हाच. भांगाशी हे पांढरं काय दिसतंय? दिव्याचा उजेड पडलाय का?

जावई : उजेड नाही तो.

सासूबाई : मग? काही रंग लावला होता?

जावई : केस आहेत, आई.

सासूबाई : तिचे?

जावई : तिचेच. बरेच दिवस झाले.

सासूबाई : अजून मोठं करा.