पेला, मांजर आणि वरचा गट

साहेब : ते काही नाही. पेल्याचा प्रश्न प्रवेशाच्या बुद्धिचाचणीतून निघणार नाही. इतकी वर्षं परीक्षेत आहे, एका पोराची तक्रार नाही.

आकडेबाई : पोरं कशाला तक्रार करतील, साहेब? ती चुकतात आणि घरी जातात.

साहेब : वाचा बघू मोठ्याने. काय खोट आहे त्यात?

आकडेबाई : "टेबलाच्या कडेला काचेचा पेला आहे. शेजारी मांजर बसले आहे. पेल्याला कोणी हात लावला नाही. तासाभराने पेला कुठे असेल?" टेबलावर, जमिनीवर की कपाटात.

साहेब : टेबलावर. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

आकडेबाई : शेंबडं सांगतंय. हुशार चुकतंय, हीच तर पंचाईत आहे.

साहेब : म्हणजे?

आकडेबाई : अर्जात तुम्हीच विचारलंय, घरी पाळीव प्राणी कोणते.

साहेब : ते जागा भरायला. कागद ओका-ओका दिसत होता.

आकडेबाई : त्यावरून दोन गट केले, मांजरवाले आणि बिनमांजरवाले. सगळी मुलं एकत्र पाहिली तर फरक नावापुरता. मग पूर्ण पेपरातल्या गुणांप्रमाणे वेगळी काढली. कमी गुणांच्या मुलांत मांजर असो नसो, सगळं सारखंच. निम्मी म्हणतात, पेला कपाटात.

साहेब : कपाटात कशाला जाईल तो?

आकडेबाई : एवढा विचार केला असता तर गुण कमी कशाला पडले असते? आता वर या. वरच्या गटातले बिनमांजरवाले सगळे बरोबर. मांजरवाले झाडून सगळे चूक. एकच उत्तर, जमिनीवर.

साहेब : मांजर पाळून डोकं बिघडत असेल.

आकडेबाई : बाकीचा पेपर चोख आहे त्यांचा. डोकं चालतं म्हणूनच घात झाला. ज्याचं चालत नाही, त्याच्या घरी दहा मांजरं असली तरी हा प्रश्न त्याला काही करत नाही. चालतं त्याला घरचं आठवतं.

साहेब : "हात लावला नाही" असं स्पष्ट लिहिलंय मी.

आकडेबाई : एका मुलीने समासात लिहिलंय, "हात नाही, पंजा." अर्ध्या गुणाने तिची जागा जातेय. संध्याकाळी यादी लागली की तिचं वर्ष गेलं.

साहेब : बाई, मांजर मी फक्त शोभेला घातलं हो. नुसत्या पेल्याकडे कोण बघतंय?

आकडेबाई : साहेब, खोडरबर आलाय.

साहेब : कोण?

आकडेबाई : कागदांच्या खोलीतला बोका. तुमच्या टेबलावर चढलाय.

साहेब : बसू दे. मुद्दा काय, नियम म्हणजे नियम. आज मांजरवाल्यांचं ऐकलं, उद्या कोणी म्हणेल आमच्याकडे घोडा आहे. परवा...

आकडेबाई : चहाचा कप मध्ये का ओढलात?

साहेब : कधी?

आकडेबाई : आत्ता. बोलता बोलता.

साहेब : सवय हो. कडेला होता.

आकडेबाई : कोणी हात तर लावला नव्हता.

साहेब : ...मला कुठल्या गटात धरलं होतंत?

आकडेबाई : सकाळपासून कपाटवाल्यांच्या आसपास. आत्ता वर सरकलात.

साहेब : लिहा. प्रश्न रद्द, कोणाचाच गुण धरू नका. त्या मुलीचं नाव यादीत येतंय ना, ते आधी बघा.

आकडेबाई : येतंय. मघाशीच बघून ठेवलंय. आता चेहरा का पडला?

साहेब : सुट्टीत नात आली होती, तिला हाच प्रश्न घातला. जमिनीवर म्हणाली. मी म्हटलं, डोकं गहाण टाकलंस का? तेव्हापासून फोनवर येत नाही. फार लागलंय मला ते.

आकडेबाई : मांजर आहे तिच्याकडे?

साहेब : दोन.

आकडेबाई : लावा फोन. तिलाच विचारा, दोन मांजरांच्या घरात पेला ठेवायचा कुठे. खोडरबरला मी धरते.

(साहेब फोन लावतात. या वेळी नात फोनवर येते. साहेब तिला प्रश्न विचारतात आणि उत्तर ऐकून फोन ठेवतात.)

आकडेबाई : काय म्हणाली?

साहेब : आधी पोटभर हसली. मग म्हणाली, आजोबा, कपाटात.