तीन पानं आणि पाच चाळीसची बस

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या सर्वांचे निर्माते शेठजी. व्यासपीठावर विराजमान आमचे दिग्दर्शक. ज्यांच्यासाठी हा समारंभ आहे आणि ज्या आत्ताही घड्याळाकडेच बघताहेत त्या सत्कारमूर्ती, आमच्या बाई. पहिल्या रांगेतले बाईंचे यजमान. आणि चहा भाषणानंतर आहे हे कळल्यामुळे जागेवर थांबलेल्या रसिक सहकाऱ्यांनो,

बाई आज निवृत्त होताहेत. एकतीस वर्षं त्यांनी आमच्या कथा विभागात पटकथा टाइप केल्या. मी त्यातली चोवीस वर्षं साक्षीला आहे. मी कुठल्या संस्थेत शिकलेला लेखक नाही, हे मी दर भाषणात सांगतो, आजही सांगणार. मी कुलपं दुरुस्त करायचो. एकच चित्रपट अकरा वेळा पाहून, अंधारात वहीवर रेघा मारून त्यातले प्रसंग मोजले. एकशे सात. शंभरएक नव्हे, एकशे सात. अशा माणसाला कुणी शिकवलेलं सहन होईल का? म्हणूनच मी इथे आल्या आल्या शेठजींकडे दोनदा अर्ज करून एक नियम करून घेतला: लेखक हाताने लिहील, टाइप करणाऱ्याने जसंच्या तसं उतरवायचं, स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही.

बाईंनी नियम पाळला. फक्त त्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या.

"अहो, हे मामा सव्विसाव्या प्रसंगात गेले ना?"

"गेले."

"मग एक्केचाळिसाव्यात दाढी कुणाची चालली आहे?"

मी म्हटलं, जुळा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, "बरं. मग त्याला रडताना तरी दाखवा, सख्खा भाऊ गेलाय त्याचा." मामांची दाढी कापली गेली. म्हणजे प्रसंग कापला गेला.

आता माझ्या हातातल्या या कागदांविषयी. माझं अक्षर वाचणारी व्यक्ती पृथ्वीतलावर एकच असल्यामुळे बाईंच्या निरोपाचं हे भाषणही बाईंनाच टाइप करायला द्यावं लागलं. अकरा पानं दिली, चार आली. मला वाटलं, अक्षर बारीक केलं असेल. पण इथे, तिसऱ्या पानावर, मामांच्या दाढीनंतर थेट 'चहाची व्यवस्था मागच्या दालनात आहे' असं आलंय. मधला मजकूर गायब! शेठजी, घाबरू नका, तो मला पाठ आहे.

आमच्या चित्रपटातला दाराचा प्रसंग तुम्हाला आठवतो. नऊ वर्षांनी बाप मुलीकडे येतो. मुलगी दार उघडते. दोघंही काही बोलत नाहीत. ती त्याच्या हातातली पिशवी घेते आणि आत वळते. बस्स. या प्रसंगासाठी मला तीन पुरस्कार मिळाले. एकोणीस वर्षं मी 'पटकथेतलं मौन' या विषयावर व्याख्यान देतो. मौनावर मी दीड तास बोलतो. तेही बाईंनीच टाइप केलंय. देताना एवढंच म्हणाल्या, "मौन हा शब्द चौसष्ट वेळा आलाय."

मंडळी, तो प्रसंग मी तसा लिहिलाच नव्हता. माझ्या हस्ताक्षरात तिथे बापाचं तीन पानी भाषण होतं. 'आयुष्य म्हणजे नदी' हे त्यात दोनदा होतं, दुसऱ्यांदा उद्गारचिन्हासह. बाईंनी टाइप केलेल्या प्रतीच्या पहिल्या वाचनाला बावीस माणसं बसली होती. दार उघडलं, पिशवी घेतली, आणि पुढचा प्रसंग सुरू! मी "थांबा, पानं राहिली" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमचे दिग्दर्शक टेबलावर हात आपटून ओरडले, "लेखका, हे धाडस तुझंच!" काय करावं माणसानं? मी ते उघडलेलं तोंड जांभई दिल्यासारखं मिटलं, ते आज उघडतोय.

त्या दिवशी बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागद लावायला घेतले. एकोणीस वर्षांत एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग पुरस्कार कपाटात ठेवायचे कसे? आज सगळ्यांसमोर विचारतो. बाई, ती तीन पानं का गाळलीत?

"अहो, माझी पाच चाळीसची बस होती!"

ऐकलंत? हसा, हसा. यजमान सगळ्यांत जोरात हसताहेत.

"सकाळी येऊन घालणारच होते. पण सकाळी वाचलं आणि वाटलं, माझे वडील आले होते तेव्हा आम्ही कुठे काही बोललो? म्हणून मग नाही घातली."

...

यजमान आता हसत नाहीयेत. मीही नाही.

शेठजी, तुम्ही अध्यक्ष आहात, म्हणून मुद्दाम इथेच विचारतो. पुढच्या महिन्यात त्या चित्रपटाची नवी प्रत निघते आहे. त्यात 'पटकथा' या शब्दाखाली दोन नावं हवीत, बाईंचं वर. हो किंवा नाही? अध्यक्षांनी मान हलवली आहे. दोनशे माणसांनी पाहिली आहे. वरून खाली, दोनदा.

बाई, तुम्ही या कागदांतून माझी कबुली काढून टाकलीत, ती मला सांभाळण्यासाठी, हे मला कळतं. तुमची काटछाट मी आयुष्यात पहिल्यांदा धुडकावली. नियमाप्रमाणे जसंच्या तसं बोललो.

संयोजकांचे, शेठजींच्या मानेचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. माझ्याकडून काही जास्त बोललं गेलं असेल तर क्षमा असावी. कमी बोललं गेलं असेल तर ते श्रेय बाईंचं. शेवटी मी नदीवर दोन ओळी लिहिल्या होत्या. इथे त्या नाहीत. पाच वीस झालेत. बाई, द्या ती पिशवी इकडे, थांब्यापर्यंत मी येतो.