चार टक्के

गाडी जागेवर उभी होती, तरी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशे आणि अकराशेच्या मध्ये खालीवर होत होता. माझ्या गाडीची वाट पाहत मी गॅरेजमध्ये बसले होते. समोरच्या त्या थरथरणाऱ्या गाडीत वयस्क नवरा-बायको होते आणि खिडकीशी मेकॅनिक.

“नवा कंप्युटर बसवलास आणि गाडीला कापरं भरलं!”

“काका, काल माझ्या हातात कशी शहाण्यासारखी चालत होती. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग आपला आपण स्थिर धरायला तो कंप्युटर अजून शिकतोय. तोवर ॲक्सिलरेटरवर पाय नको.”

“नाहीच आहे.”

“माझं यंत्र चार टक्के दाबलेलं दाखवतंय.”

“मग आधी यंत्र दुरुस्त कर.”

“अहो, त्याच्यावर कशाला डाफरता? पाय पूर्ण वर उचला बघू.”

“घे, उचलला.”

“शून्य. आता खाली ठेवा, काका.”

“ठेवला. अगदी जमिनीवर.”

“पुन्हा चार.”

“अहो, वाकून बघा. बूट पेडलवर टेकलाय.”

“खरंच की. मला कळलंच नाही गं.”

“कळलं नाही म्हणजे?”

“तळपाय बधिर झालाय. उन्हाळ्यापासून.”

“म्हणून चप्पल निसटते तुमची! डॉक्टरांकडे चला म्हणून मी घसा कोरडा केला, तर म्हणे, चप्पलच ढिली आहे.”

“घाबरलो होतो.”

“मग आता?”

“आता तू इकडे स्टिअरिंगवर ये. इथून थेट डॉक्टरांकडेच जाऊ.”