मधल्या घरातली वाट

...आन वर म्हणत्यात, 'तुमी जेवा की निवांत, आमी कुठं ताटात पाय देतोय!' आता तुमीच सांगा, माणसानं स्वतःच्या घरात भाकरीचा तुकडा तोंडात घालायचा, आन शेजाऱ्याच्या सायकलीला वाट द्यायला ताट उचलून भिंतीला चिकटायचं? अरे, खरेदीखत माझ्या नावावर हाय! बुद्धघोष गंगाराम, मूळ गाव पिंपळी, हल्ली मुक्काम बारामती... असं छापलंय त्याच्यावर!

तुमाला सांगतो, अख्खी उमर भाड्याच्या खोल्यांत गेली. इच्छा एकच... आपलं एक दार असावं, आन रविवारी दुपारी ते लावून घेऊन गपगार पडावं. बस! तर घरांचे दलाल सर्जेरावांनी जुन्या पेठेतलं हे घर दाखवलं. जागा पाऊण गुंठा, पण घर काय घर हाय! घडीव दगडाचं जोतं, सागवानी खांब, भिंतीत कोनाडे, भर मे महिन्यात पंखा नको. करुणा, म्हंजे आमची बायको, त्या खांबाला हात लावून अशी उभी राहिली की मी मनात म्हटलं, झालं, घेतलं आपण हे घर! तेवढ्यात मागचं दार दिसलं. विचारलं, 'हे कुठं निघतं हो?' सर्जेराव म्हणाले, 'मागं निघतं की. आन शेजार लई मायाळू हाय!'

आता मी कोण? बावीस वर्षं कचेरीत लोकांचे दस्त वाचणारा माणूस! काना-मात्रा सोडत न्हाय! पण स्वतःच्या खताचं सहावं पान आलं तवा मी काय करत होतो? फोटो बरा यावा म्हणून केस विंचरत होतो! आन त्या पानावर होतं, 'मागील मिळकतीच्या मालकांची मधल्या घरातून पूर्वापार वहिवाट आहे व ती तशीच राहील.' म्हंजे मागं भामाबाई ऱ्हात्यात, त्यांचा लेक सिद्धू, सून दिपाली, दोन शेरडं... आन ह्या सगळ्यांचा रस्ता आमच्या टीव्हीपुढनं जातो!

पहाटे साडेपाचला शेरडं. सहाला सिद्धू दुधाच्या किटल्या घेऊन, 'दादा, पाय घ्या जरा!' मी झोपलेला असतो हो! एकदा दिपालीचा नवा फ्रिज आला, आन आमच्या दोन खांबांच्या मधी बसला तो बसलाच. दोन तास! चार हमाल, आमचे पाहुणे, फ्रिज, सगळे एका खोलीत. एकानं तर त्याच्यावर कप ठेवून चहा पिला. खरेदीखत मात्र माझ्या नावावर हाय, बरं का!

आन भामाबाई? त्या नुसत्या जात न्हाईत. त्या चुलीपाशी थांबत्यात, पातेल्यावरचं झाकण काढत्यात, आमटी तळहातावर घेऊन चाटत्यात. 'करुणा, मीठ कमी पडलं गं!' पहिल्यांदा असं झालं तवा आमची आई, तुळसाबाई, टक लावून बघत राहिली. भामाबाई गेल्यावर मला हळूच म्हणाली, 'आपल्या भांड्यातनं खाल्लं रं तिनं... न इचारता.' डोळं भरलेलं तिचं.

पण माझ्या रविवारचं काय? शेवटी धीर केला, सिद्धूला म्हटलं, 'बाबा, गटारीच्या कडंनं बोळ हाय, तिकडं एक दार काढ की.' वाटलं, भांडण पेटतंय. कशाचं! भामाबाईच म्हणाल्या, 'बरूबर हाय. तुझं बी घर हाय, लेकरा. आमी जाऊ वळसा घालून.'

आन गेल्या की! सिद्धूनं बोळात दार काढलं, आन रविवारी मी पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना कड्या लावल्या, पडलो. काय ती शांतता... आहाहा! सिद्धूची हाक न्हाय, शेरडांचं म्यां म्यां न्हाय. डोळा लागणार, इतक्यात आई उठून बसली.

'भामा कुठं गेली?'

'मागनं वळसा घालून जात्यात आता.'

आईनं दोन्ही कड्या काढल्या. दारं सताड उघडली, आन माझ्याकडं न बघता म्हणाली, 'जलमभर आमी लोकांची दारं चुकवून, वळसा घालून गेलो. माझ्या दाराला वळसा घालून कोन जानार न्हाय.' आन ओरडली, 'भामे! मधनं ये गं!'

मी उठून बसलो, आन पाय आपसूक जवळ घेतले. दुसरं काय करणार?

परवा कुरिअरवाला गल्लीत माझं नाव विचारत होता. मी दारातच उभा, खरेदीखतावरचा तो कोरा करकरीत मालक! पण तोंड उघडायच्या आत भामाबाई आतनं आल्या आन मोठ्या मायेनं म्हणाल्या, 'बुद्धघोषराव व्हय? लई गुणाची मानसं हायती. आमच्या वाटंत ऱ्हात्यात.'

मी म्हटलं, व्हय बाबा, तोच मी. कुठं सही करू?