तयार निवेदन

बाबा : माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर एक ओरखडा आहे. केसाएवढा बारीक, खालच्या कडेला. फोनवर वाचताना तो दर वेळी ओळीच्या सुरुवातीलाच येतो. तुझ्या मजकुरात नेमका 'शांतपणे' या शब्दावर आला, म्हणून ते वाक्य दोनदा वाचावं लागलं.

ठमी : बाबा, तो फोन द्या इकडे.

बाबा : 'आज सकाळी शांतपणे निधन झाले.' आज सकाळी मी काय करत होतो?

ठमी : खिडकीशी बसून नखं कापत होतात.

बाबा : तेही शांतपणेच.

ठमी : तुम्ही हॉस्पिटलमधून घरी आलात, एवढंच कळवायचं होतं. दोन मसुदे एकाखाली एक होते. नातेवाइकांच्या ग्रुपवर चुकून खालचा गेला. लगेच काढला मी, सगळ्यांची माफीही मागितली.

बाबा : काढायच्या आत तुझ्या आत्याने त्याचा फोटो घेतला होता. तोच वाचतोय. आधी माझ्या फोनवर, तूच उचललास असं समजून, रडली. माझा आवाज ऐकल्यावर रागावली, शिकल्यासवरल्या पोरीला एवढं कळू नये म्हणाली. आणि फोन ठेवताना म्हणते, पण लिहिलंय छान हो, जपून ठेव.

ठमी : तुम्ही ऑक्सिजनवर होता तेव्हा लिहिला. बाहेरच्या बाकावर बसून. हाताला काही काम नव्हतं. आमच्या संस्थेत सगळी निवेदनं आधीच लिहून ठेवतात, बाबा. पूर आला तर, साथ पसरली तर, संस्थेच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाईंनी राजीनामा दिला तर. वेळ आली की नुसती रिकामी जागा भरायची आणि पाठवायचं.

बाबा : तू वर्तमानपत्रात होतीस तेव्हा बरं होतं. तेव्हा आधी घडायचं, मग तू लिहायचीस.

ठमी : ते राहू दे आता. तिकीटवाला सारखा विचारतोय. पुढच्या महिन्याचं तुमचं माझ्याकडे यायचं तिकीट काढायचं की नाही, ते आज सांगायचंय. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. परवा मी गेले की इथे तुम्ही एकटे.

बाबा : सांगतो म्हटलं ना.

ठमी : दोन वर्षं झाली सांगतो म्हणताय.

बाबा : तिथे येऊन मी करू काय? तू निम्मा महिना दौऱ्यावर. मी तुझ्या भिंती बघत बसू? इथे निदान भिंती ओळखीच्या आहेत. आणि मजकुरात मला दुरुस्त्या सुचवायच्यात, आधी ते होऊ दे.

ठमी : चेष्टा नका ना करू.

बाबा : चेष्टा नाही. इथे बघ. 'तळागाळातल्या विद्यार्थ्यांच्या सक्षमीकरणासाठी त्यांनी आयुष्य वेचले.' मी कोणाचं सक्षमीकरण केलं बाई? मी शाळेच्या प्रयोगशाळेत पोरांना बर्नर लावायला शिकवत होतो. त्यातही एकाने माझी भुवई जाळली.

ठमी : सवयीने येतं ते. शाळा दिसली की सक्षमीकरण, नळ दिसला की परिवर्तन.

बाबा : आणि हे. '"त्यांची उणीव सदैव भासत राहील," असे त्यांच्या कन्येने सांगितले.' कोणाला सांगितले?

ठमी : कोणाला नाही. निवेदनात कोणाचं तरी एक वाक्य लागतं. मंत्र्यांचं असो, मोठ्या बाईंचं असो. ते कोणी बोलत नाही. आम्ही लिहितो, ते वाचून मान्य करतात, मग ते बोलले असं होतं.

बाबा : मग हे मान्य कोणी केलं?

ठमी : मीच लिहिलं. मीच मान्य केलं.

बाबा : बातमीदार असताना एका शब्दावरून तू संपादकाशी भांडली होतीस. 'पाणीटंचाई' म्हणू नका, पाणी आहे, या गल्लीला ते देत नाहीत, असं लिहा. घरी येऊन जेवली नाहीस.

ठमी : आता माझं एकेक पान बाहेर जाण्याआधी दहा-बारा जण तपासतात.

बाबा : आणि भांडतं कोण?

ठमी : कोणी नाही. सगळे छान म्हणतात. आत्यासारखं.

बाबा : बरं, हे कोणाकोणाला जाणार होतं?

ठमी : नातेवाइकांना. तुमच्या शाळेत. तुमच्या फिरायला जाणाऱ्या कंपूला. खालच्या मजल्यावर.

बाबा : ही सगळी माझी माणसं. तुझी?

ठमी : ऑफिसला कळवलं असतं.

बाबा : ऑफिस नको सांगू. माणूस सांग.

ठमी : ऑफिसातून पत्र येतं, बाबा. मोठ्या बाईंच्या सहीचं. 'या कठीण प्रसंगी आम्ही सारे आपल्यासोबत आहोत. आपल्याला हवा तेवढा वेळ घ्या.' सोबत फुलं.

बाबा : चांगल्या दिसतात बाई. शब्द मनापासूनचे वाटतात.

ठमी : ते पत्र मी लिहिलंय. तिथे लागले त्याच वर्षी. कोणाच्याही घरी कोणी गेलं की तेच जातं, फक्त नाव बदलतात.

बाबा : म्हणजे मी गेलो की तुझं सांत्वन तुझ्याच शब्दांत तुला येणार.

ठमी : हो. फुलांचा रंगसुद्धा मीच ठरवलाय.

(फोन वाजतो. बराच वेळ वाजून थांबतो.)

ठमी : तिकीटवालाच होता.

बाबा : थांबू दे त्याला. तुला मागे थंडीत ताप आला होता ना? तेव्हा कोण होतं घरी?

ठमी : तुम्हाला कसं कळलं?

बाबा : तू एका ओळीत कळवलं होतंस, 'जरा कणकण होती, आता ठणठणीत, कामात आहे.' मी वाचून फोन ठेवला. आता विचारतोय.

ठमी : कोणी नव्हतं. औषधं दाराशी ठेवून जायचा एक जण, बेल वाजवून. मी दार उघडेपर्यंत तो जिन्यात असायचा. ताप उतरल्यावर मीटिंगला बोलायला गेले तर आवाजच फुटेना. त्यांना वाटलं घसा बसलाय. घसा ठीक होता, बाबा. इतक्या दिवसांत मी एक शब्द बोलले नव्हते, तेवढंच. मग रोज सकाळी आंघोळीच्या आधी काहीतरी मोठ्याने वाचायची सवय लावून घेतली. शाम्पूच्या बाटलीवरचं, काहीही.

बाबा : मला का नाही सांगितलंस?

ठमी : तुम्ही तरी कुठे सांगता? तुमचेही निरोप असेच येतात. 'सर्व क्षेम, फिरून आलो.' गुडघा सुजला होता तेव्हाही फिरूनच आला होतात.

बाबा : चांगलं लिहितो आपण दोघं.

ठमी : हं.

बाबा : दोन वर्षं मला वाटत होतं, माझ्याकडे बघायला कोणी नाही म्हणून तू बोलावतेस. म्हातारा एकटा पडलाय, म्हणून. त्याचा राग यायचा मला. म्हणून टाळत होतो.

ठमी : मी तसंच तर सांगत होते तुम्हाला.

बाबा : तेही तयार निवेदनच होतं.

ठमी : चहा ठेवू का?

बाबा : बस जरा. ठमे, येतो मी तुझ्याकडे. भेटायला नाही. राहायला.