पुलापलीकडचा ठिपका

नाव मेरन ट्रेवोरो, वय ४६ वर्षे, धंदा शाळेत प्रयोगशाळा सहायक, राहणार टेकडी रस्ता, पेनरी बे, दक्षिण ऑस्ट्रेलिया.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी पती गार्थ यांच्यासह राहते. मयत टॅम्सिन, वय १७ वर्षे, ही आमची एकुलती मुलगी. ती आणि मी गावच्या किनारा बचाव क्लबच्या स्वयंसेवक. क्लबची रबरी बोट मी चालवते.

टॅम्सिनचा फोन कुठे आहे ते माझ्या फोनवर ठिपक्याने दिसते. ओढ्यावरच्या पुलापलीकडे खडकांवर मोठी मुले बिअर पीत बसतात, म्हणून पूल ही हद्द ठरली होती. ठिपका पूल ओलांडून गेला की माझा फोन वाजे. यावरून घरात वाद होत. ती म्हणे, "आई, शेजारच्या कुत्र्याचा पट्टासुद्धा याहून लांब आहे." मी म्हणे, "त्याला बारावीची परीक्षा नाही." मग ती म्हणे, "एक दिवस हा फोन त्याच्याच गळ्यात बांधते. धाव मग."

शनिवारी संध्याकाळी क्लबचा किनाऱ्यावरचा पहारा संपला, लाल-पिवळे झेंडे उतरवले आणि बाकीचे घरी गेले. टॅम्सिन बचावाची तरंगती फळी धुवायला मागे राहिली. पाण्यात उतरताना इथे सगळेच फोन वाळूवर काढलेल्या बुटात ठेवतात. त्यामुळे ठिपका वाळूवर म्हणजे मुलगी वाळूवर, असे नसते. हे मला माहीत आहे. तरी ठिपका वाळूवर पाहून मी बटाटे सोलायला घेतले.

थोड्या वेळाने फोन वाजला. ठिपका पुलापलीकडे गेला होता. मी लागोपाठ फोन लावले. तिने उचलले नाहीत. गार्थ म्हणाले, "शनिवार आहे, सोड ना पोरीला." मी गाडी काढली. मी रागात होते.

पुलापलीकडे सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. अंगाभोवती टॅम्सिनचा टॉवेल, हातात टॅम्सिनचा फोन. नाव ईला. तिने सांगितले, "ताईने मला पाण्यातून काढलं. बाबा अजून आत आहेत. ताई म्हणाली, हा घे आणि पुलापलीकडे पळ. वाजला तर उचलू नकोस. उचललास तर आई बोलत बसेल. नाही उचललास तर येईल."

मी गार्थना फोनवर पोलिसांना कळवायला सांगितले आणि क्लबवर जाऊन बोट काढली. बोटीत दोघे असावेत असा नियम आहे. मी एकटी गेले. किनाऱ्यापासून आत ओढून नेणारा प्रवाह आहे, त्याच्या टोकाला फळी दिसली. फळीवर ईलाचे वडील होते. ते म्हणाले, "तिने फळी मला दिली. म्हणाली, घट्ट धरा, माझी आई बोट घेऊन येतेय." टॅम्सिन तिथे नव्हती. त्यांना किनाऱ्यावर उतरवून मी परत गेले. ती सोमवारी सापडली. ओळख मी पटवली.

तिने फोन का केला नाही, असे मला विचारण्यात आले. ओल्या, वाळू लागलेल्या बोटांना तो फोन दाद देत नाही. तो पुसत बसायला वेळ नव्हता. क्लबचा नियम आहे, आधी कळवा, मग आत जा. ईला कमरेभर पाण्यात होती, तिला तिने काठावर आणले. नंतर तिने कळवले, आणि मग ती आत गेली. तिला हा नियम मी शिकवला होता. तो तिने पाळला.

जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात आधी 'कोणालाही न कळवता पाण्यात उतरली' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे 'आईला कळवून' असे लिहिले आहे. आता बरोबर आहे. सही करते.