खुर्चीवर बसायची तालीम

सुमनताईंच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. त्यांच्या धाकट्या बहीण मंदाताई उमरेडहून आल्या आहेत, त्यांना वेगळा नमस्कार. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मी दहावी झालेली घरातली बाई, मंदिराची जमाखर्चाची वही लिहिते, एवढंच. बोलायला मी दोनदा नाही म्हणाले होते. काल दुपारी बसून कागदावर लिहून आणलं. पण माझ्याआधी तिघांची भाषणं झाली, ती ऐकून त्यातलं अर्धं आत्ता खोडलं. आवाज कापला तर सांभाळून घ्या.

तिघेही म्हणाले, सुमनताई आपल्या प्रताप नगराची शान होत्या. मग मंडळी, गेल्या महिन्यात या शानला याच सभामंडपातून बाहेर कोणी काढलं?

नव्या लोकांना ठाऊक नसेल. सुमनताई उईके भिवापूरकडच्या गोंड घरातल्या. सरकारी ऑफिसात कारकून म्हणून लागल्या, तिथूनच रिटायर झाल्या. आमच्या शेजारी राहायच्या. रिटायर झाल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी इथे, मारुतीच्या मंडपात, आदिवासी मुलामुलींसाठी सरकारी भरतीच्या परीक्षेचा वर्ग काढला. सकाळी सहा ते नऊ, फुकट. सरकारी प्रशिक्षण केंद्रात जागा थोड्या. तिथे ज्यांचा नंबर लागला नाही, ती मुलं इथे यायची. घरी बोलणार गोंडी, आणि पेपर मराठी व्याकरणाचा. काय सोपं आहे हो?

पहिल्या दिवशी चार पोरी मंदिराच्या फाटकाशी आल्या. मी पूजेची फुलं तोडत होते. मी त्यांना विचारलं, "काहून वं, भांड्यांच्या कामाले आल्या का?" त्यातली एक सरिता मडावी. ती म्हणाली, "नाही काकू, शिकाले आलो." मागून सुमनताई येत होत्या, त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता ही बाई मला सोलून काढते. पण नाही. त्यांनी पोरींना माझी ओळख करून दिली. या वहिनी, मंडपाची किल्ली यांच्याकडे असते, यांना रोज नमस्कार करायचा, म्हणाल्या. पोरी रोज करायच्या. तो नमस्कार मला किती दिवस टोचला, ते माझं मला माहीत.

आत जाऊन पाहिलं तर मधोमध एक टेबल, एक खुर्ची. मला वाटलं, गणित असेल. पण पहिला आठवडा फक्त खुर्चीवर बसायची तालीम. मुलं बसायचीच नाहीत. दाराशी उभी राहायची, नाहीतर सरळ सतरंजीवर. ऑफिसात साहेबासमोर खुर्ची असते ती आपल्यासाठी असते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी हसले होते. बसायला काय शिकवता, म्हणाले. तेव्हा त्यांनी आपली नोकरीतली गोष्ट सांगितली. "वहिनी, मी ऑर्डर घेऊन हजर झाली तर मले तीन दिवस खुर्चीच नव्हती. सगळे चहाचे ग्लास माझ्याच हातात देऊन राहिले होते. चौथ्या दिवशी मी घरून स्टूल घेऊन गेली." आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "'बसू का' विचारा, अन् विचारता विचारता बसा. बसलेल्याले कोणी उठवत नाही."

मंडळी, उठवतात. आपण उठवलं.

मंदिर समितीनं कारणं दिली. चपला फार होतात. पाढे, व्याकरण मोठ्यानं म्हणतात, देवाच्या शांततेला बाधा येते. वीज फार जळते. विजेचं म्हणाल तर वही मी लिहिते. आकडा तिळभर वाढला नव्हता. आणि देवाचं म्हणाल तर इथे रोज दिवा लावते मी. त्या मारुतीला कधी त्रास झालेला दिसला नाही मला. त्रास दुसऱ्यांनाच होत होता.

पण कुलूप कोणी लावलं? मी लावलं. लावा म्हणाले, आणि मी लावलं. दुसऱ्या दिवशी सहाला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये वर्ग भरला. स्कुटरच्या सीटवर वह्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत सुमनताईंनी तिथे उभ्यानं शिकवलं, कारण तिथे खुर्ची ठेवायला जागा नव्हती. त्यामुळे गेल्या असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला आहे. पण मला ते दिसतं, त्याला मी काय करू?

आता मागे वळून बघा जरा. भिंतीला लागून कोण उभं आहे? तीच मुलं. सरितासुद्धा. ती आता वनरक्षक आहे, रजा काढून आली आहे. आज आपण ज्या खुर्च्यांवर बसलो, त्या सकाळी कोणी पुसल्या, कोणी मांडल्या? याच मुलांनी. मग त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही घरचेच, मागे उभे राहा. घरचे! गेल्या महिन्यात नव्हते ते घरचे?

या वर्गाची लेखी परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे. सरिता म्हणते, रजा आहे तोवर मी शिकवते, पुढे सुट्टीच्या दिवशी येते. तिच्या वेळची एक मुलगी गणित घेईल. म्हणजे शिकवणारी आहेत. जागा नाही. तर मी इथेच सांगते. उद्या सकाळी सहाला हा मंडप उघडेल. किल्ली माझ्याकडे आहे. समितीला परत हवी असेल तर आत्ता, मंदाताईंच्या समोर मागावी.

कोणी मागत नाही. बरं.

आता दोन मिनिटं शांतता पाळायची आहे. त्याआधी पुढच्या दोन रांगांतल्या मंडळींनी कृपा करून उठावं. सरिता, ये बाई. सगळ्यांना घेऊन पुढे ये. लाजू नका, पोरांनो. तुम्हाला शिकवलं आहे ना त्यांनी? विचारता विचारता बसा.

बसलात सगळे?

आता आपण उभं राहू.